दुसरं टिंब

सोमवार, १० मार्च

दादा,

मायना काय लिहायचा यातच तीन कागद फुकट गेले. 'तीर्थरूप' लिहिलं तर तू हसशील आणि 'प्रिय' लिहिलं तर पुढचं वाचणार नाहीस. म्हणून नुसतं दादा. सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट फाडू नकोस, निदान आतला अर्ज तरी बाहेर काढ.

काळजीचं काही नाही. बाबांची गाडी जप्त झाली आहे, एवढंच.

भिंगरीने शनिवारी दुपारी ती बाहेर काढली. तुझी भाची आता सोळा वर्षांची आहे. तू पाहिलीस तेव्हा दहाची होती. मी बँकेत होते. किल्ली नेहमीसारखी फडताळात पिठाच्या डब्यामागे. पुलाच्या अलीकडे तपासणी चालू होती, तिथे तिला थांबवलं. तिच्याकडे परवाना नाही, तो मिळायला अजून दोन वर्षं आहेत. कोणाला लागलं नाही, कशाला धक्का नाही, गाडीवर ओरखडासुद्धा नाही. हे मी पुन्हा लिहिते कारण मला स्वतःला ते पुन्हापुन्हा सांगावं लागतंय. कोणाला लागलं नाही.

चौकीतून फोन आला तेव्हा मी सह्यांच्या टेबलावर बसले होते. हातातला धनादेश तसाच धरून मी चालत सुटले, शिपाई ओरडत मागे आला. भिंगरी बाकावर बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मला वाटलं होतं दोन थोबाडीत देईन. प्रत्यक्षात मी तिच्या डोक्यावरून हात फिरवून सगळीकडे चाचपत राहिले, कुठे खोक पडलीय का बघत. तिथला हवालदार म्हणाला, "अहो बाई, धडधाकट आहे ती. धक्का तुम्हालाच बसलाय."

तर आता अर्जाचं. जप्त गाड्यांच्या आवारात आज सकाळी जाऊन आले. फाटकाजवळ फळ्यावर नियम लिहिले आहेत. मालकाने स्वतः यायचं. मालक हयात नसेल तर सगळ्या वारसांनी मिळून अर्ज करायचा, सोबत मृत्यूचा दाखला. गाडी अजून बाबांच्या नावावर आहे, हे तुला माहीत नसेल. मी बदललंच नाही. त्या कागदावर त्यांच्या नावापुढे 'मयत' असं लिहावं लागतं. तो कागद मी दोनदा आणला आणि दोनदा ड्रॉवरमध्ये टाकला. वारस म्हणजे तू आणि मी. फुलीच्या जागी तुझी सही कर आणि उलट टपाली पाठव.

सहीवरून आठवलं. तू सहावीत असताना गणितात नापास झालास आणि प्रगतिपुस्तकावर बाबांची सही ठोकलीस. काय हुबेहूब केली होतीस! फक्त सहीखालच्या रेघेला सगळे देतात तशी दोन टिंबं दिलीस. बाबा नकाशे काढणारे, दिवसाला पन्नास कागदांवर सही करायचे. ते एकच टिंब द्यायचे. प्रगतिपुस्तक हातात घेऊन म्हणाले, "चिरंजीव, पहिलं टिंब माझं. हे दुसरं कोणाचं?" तू पळालास आणि मी हसून हसून पलंगाखाली गेले.

गाडी आवारात लांबून दिसली. काचेवर खडूने २१४ लिहिलंय. बाबा रोज फडक्याने पुसायचे ती काच.

उलट टपाली पाठव.

तुझी धाकटी


शुक्रवार, १४ मार्च

दादा,

अर्ज पाठवला असशील तर ठीक. पाठवला नसशील तर पाठवू नकोस. मी सांगेपर्यंत थांब.

सोमवारी मी तुला सगळं सांगितलं नव्हतं, कारण मलाच सगळं माहीत नव्हतं. आज आवारातल्या कारकुनासमोर बसले. नाकावर एक चष्मा, कपाळावर दुसरा. सावकाश बोलणारा माणूस, आणि सावकाश बोलणाऱ्या माणसांची मला आता भीती वाटायला लागली आहे. त्याने आमची फाइल सोडली आणि म्हणाला, "परवानगी घेऊन गाडी नेली म्हणते ना तुमची मुलगी. हे पत्र दाखवलं तिने."

वहीच्या पानावर पत्र. 'माझी नात ही माझी गाडी पुलापर्यंत नेऊन परत आणणार आहे. माझी तिला परवानगी आहे.' खाली तारीख आठ मार्च. आणि खाली बाबांची सही.

 सहा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाने गेल्या शनिवारी केलेली सही. रेघ होती. रेघेखाली दोन टिंबं होती.

आता तुला एक सांगायला हवं. अर्धांगवायूने बाबांचा उजवा हात गेल्यानंतर त्यांच्या सह्या मीच करत होते. त्यांनीच सांगितलं होतं. पेन्शनचा कागद, विम्याचा कागद, टेलिफोनचा अर्ज. "टाक माझी सही," म्हणायचे, आणि अर्ध्या ओठाने हसून, "पण दोन टिंबं दे हो. चोराची ओळख राहू दे." म्हणून मी दोन द्यायची. ते गेल्यावरही गाडीच्या विम्याचा कागद दर वर्षी आला आणि दर वर्षी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्यांची सही करत राहिले. दोन टिंबं देऊन. 'मयत' लिहिण्यापेक्षा ते सोपं होतं. एकवीस वर्षं मी बँकेत लोकांच्या सह्या तपासते. कोणाची वेलांटी जरा हलली तरी धनादेश परत पाठवते. आणि घरी हे.

भिंगरी समोर बसून अभ्यास करायची. मला वाटायचं, अभ्यास करते.

कारकुनाने मी फाटकावर भरून दिलेली भेटीची चिठ्ठी पाहिली. त्यात व्यवसायाचा रकाना मी खरा भरला होता, तीच अक्कल नडली. म्हणाला, "अरे वा, तुम्ही सह्या तपासता! मग बरं झालं." त्याने फाइलमधून विम्याचा कागद काढला, मुलीच्या पत्राशेजारी ठेवला आणि दोन्ही माझ्याकडे फिरवले. "सांगा बरं, दोन्ही सह्या एकाच माणसाच्या आहेत का? मला काय त्यातलं कळत नाही."

एक माझी, एक माझ्या मुलीची. तिची माझ्यापेक्षा चांगली होती.

मी म्हणाले, "हो. एकाच माणसाच्या."

"मग वडील हयात आहेत."

"हो."

"येतील का इथे?"

"अंथरुणाला खिळलेत."

हे माझ्याच तोंडून आलं, दादा. मी ते ऐकत होते. ते खरंच होतं एके काळी, म्हणून इतकं सहज आलं असावं. त्याने वहीत लिहून घेतलं. म्हणाला, "काही हरकत नाही. म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास? पुढच्या गुरुवारी दुपारी आमचा माणूस घरी येईल, जबाब घेईल आणि अंगठा घेईल."

 मालक मेला म्हटलं तर भिंगरीचं पत्र खोटं ठरतं, गाडी चोरली असं होतं आणि तिला बालन्यायालयात उभं राहावं लागतं. मालक जिवंत म्हटलं तर गुरुवारी तो दाखवावा लागतो. आगीतून फुफाट्यात.

भिंगरीला विचारलं, "हे काय करून बसलीस?" ती म्हणाली, "आजोबांनी सांगितलं होतं, पाय पेडलला पोचले की तुला गाडी पुलापर्यंत चालवू देईन. आता पोचतात." मग म्हणाली, "त्यांनी दिलीच असती ना परवानगी? तू पण तर करतेस, त्यांनी दिली असती म्हणून."

  काहीच पाठवू नकोस अजून.

धाकटी


बुधवार, १९ मार्च

दादा,

उद्या गुरुवार.

 बँकेत प्रत्येक सहीखाली मला दोन टिंबं दिसतात. काल एका बाईचा खरा धनादेश मी परत पाठवला. ती भांडायला आली तेव्हा मी तिच्या सहीखालची टिंबं मोजत बसले. साहेब म्हणाले, "रजा घ्या." जिन्यात पावलं वाजली की मी दाराआड उभी राहते. काल केबलवाला होता, परवा कोणीच नव्हतं.

समोरच्या शिंपीकाकांना मी शुक्रवारी रात्रीच सांगून टाकलं. बाबांबरोबर पत्ते खेळायला यायचे तेच. आता दुकान बंद आहे, पण गळ्यातली टेप अजून सुटली नाही. सगळं ऐकून घेतलं, सुपारी चघळली आणि म्हणाले, "एवढंच ना? मी झोपतो की. तसाही दुपारी झोपतोच." मी हसले आणि मग हसता हसता माझ्या लक्षात आलं की मी मोजमाप घेतेय. उंची साधारण तीच. दाढी वाढवायला सहा दिवस होते. उजवा हात पांघरुणाखाली ठेवला की झालं. काका तर इतके रंगात आले की कण्हून दाखवायला लागले. "असं की जरा बारीक?"

रविवारी आम्ही दोघांनी बाबांच्या खोलीतला पलंग मोकळा केला. त्यावर माझी इस्त्रीची कापडं असतात. मी धुतलेली चादर घातली, उशीला अभ्रा घातला, बाजूला स्टुलावर औषधाच्या जुन्या बाटल्या मांडल्या. फेकल्या नव्हत्या. पाण्याचं भांडं ठेवलं. तोटीचं, ज्याने मी त्यांना पाजायची. काका आडवे झाले. मी पांघरूण छातीपर्यंत ओढलं आणि सवयीने कडा आत खोचली.

भिंगरी दारात उभी होती.  म्हणाली, "आई, तिथे कोणालाही झोपवू नकोस." आणि मग ओरडली, "उठा काका! उठा तिथून!"

काका उठले. चपला उलट्या घालून घरी गेले.

भिंगरी म्हणते, मी उद्या स्वतः जाऊन सांगणार. तुला यायचं तर बरोबर ये, नाहीतर मी एकटी जाते. तिला भीती वाटत नाही असं नाही. नखं कुरतडून बोटं लाल केली आहेत. पण ती जाणार. ही हिंमत आमच्या घरात कुठून आली कळत नाही. माझ्याकडून नक्की नाही.

उद्या खरं सांगायचं तर त्याआधी तुला सांगायला हवं. तुला न सांगता परक्या माणसासमोर खरं बोलायला बसले तर ते खरं होणार नाही.

सहा वर्षांपूर्वी तुला बाबांचं पत्र आलं होतं. 'आता येऊ नकोस. मला तुला भेटायचं नाही.' मजकूर माझ्या अक्षरात होता, कारण त्यांना लिहिता येत नव्हतं, पण खाली सही त्यांची होती.

नव्हती. ती मी केली होती. बाबांनी तसं काही सांगितलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले होते, त्यांना त्रास होईल असं काही नको. तुमचं दोघांचं भांडण आठवून मला वाटलं, तू आलास तर पुन्हा आवाज चढतील. हे मी स्वतःला सहा वर्षं सांगत आले आहे. ते खोटं नाही, पण तेवढंच नाही.

खरं असं की बाबा रोज विचारायचे, "तो येतोय का?" सकाळी तोंड धुवून देताना विचारायचे, जेवण भरवताना विचारायचे. मी चार वर्षं त्यांची कूस बदलली, दादा. भिंगरीच्या बाबाने घर सोडलं तेव्हाही मी त्यांच्या खोलीत होते. आणि तू येणार म्हणून फोन केलास तेव्हा त्यांनी मला दाढी करायला लावली. दोनदा. नीट झाली नाही म्हणून. माझ्यासाठी त्यांनी कधी दाढी केली नाही. मला तुझा भयंकर मत्सर वाटला. त्याच दुपारी मी ते पत्र लिहिलं. एकच टिंब दिलं, मला पक्कं आठवतंय, कारण तुला दोन टिंबांची गंमत माहीत होती आणि मला तुला फसवायचं होतं.

त्यानंतरही ते विचारत राहिले. मी सांगायची, "रजा मिळत नाही त्याला." शेवटच्या दिवशीही तेच सांगितलं.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी तू आलास. घरात आला नाहीस. बाबांच्या गाडीत बसलास, चालवायच्या जागेवर, अर्धा तास, आणि चालत निघून गेलास. मी खिडकीतून पाहत होते. भिंगरी पाणी घेऊन खाली गेली होती. ती म्हणते, "मामा रडत होते आणि त्यांनी पाणी सगळं पिलं." मी खाली उतरले नाही. उतरले असते तर तोंडून निघालं असतं.

हे आता तुझ्याकडे आहे. मी उद्या जाते.

धाकटी


शुक्रवार, २१ मार्च

दादा,

सांगितलं.

आम्ही काल सकाळी दहाला आवार उघडताच गेलो. गाड्यांच्या रांगांमधून चालत जावं लागतं. गवत वाढलंय, एका रिक्षात मांजर व्यायली आहे. भिंगरीने माझा दंड धरला होता, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा. २१४ पाशी ती थांबली. पुढचं एक चाक बसलंय. तिने बाहीने काचेचा कोपरा पुसला.

मी कारकुनाला म्हणाले, "ते दोन कागद पुन्हा काढा." त्याने काढले. मी म्हणाले, "दोन्ही सह्या खोट्या आहेत. ही माझी, ही माझ्या मुलीची. ज्याची सही आहे तो माणूस सहा वर्षांपूर्वी वारला." मृत्यूचा दाखला त्याच्यापुढे ठेवला. 

त्याने नाकावरचा चष्मा काढून कपाळावरचा खाली घेतला. म्हणाला, "बाई, विम्याच्या कागदावर मालकाचं वय एकोणऐंशी. आणि सही अशी ताठ की तिच्यावर कपडे वाळत घालावेत. मला त्याच दिवशी वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला काय त्यातलं कळतं? म्हणून तर तुम्हाला विचारलं."

मग भिंगरीकडे वळला. "पुलापर्यंत पोचलीस का गं?"

ती म्हणाली, "नाही. अलीकडेच पकडलं."

"हं," म्हणाला, आणि लिहू लागला. बराच वेळ लिहिलं. दोघींच्या सह्या घेतल्या. माझी घेताना पेन माझ्या हातात देऊन म्हणाला, "स्वतःची."

आता ऐक, कारण यापुढचं सगळं तुझ्यावर आहे. दोन एप्रिलला भिंगरीला बालन्यायालयात उभं करतील. दोन गोष्टी आहेत. खोट्या सहीबद्दल वय पाहून समज देऊन सोडतील, असं तो म्हणाला. पण चोरीचं वेगळं आहे. गाडी वारसांची. दोन्ही वारसांनी लिहून दिलं की ती घरच्या मुलीने नेली आणि आमची काही तक्रार नाही, तर चोरीचं कलम निघतं. दोघांनी. मी विचारलं, "माझी एकटीची सही चालणार नाही का?" तो म्हणाला, "मग तिने अर्धी गाडी परवानगीने नेली आणि अर्धी चोरली, असं लिहावं लागेल मला." तो गंमत करत नव्हता. चोरीचं कलम राहिलं तर निकाल कसाही लागो, नोंद राहते. पुढे कॉलेजात, नोकरीत, जिथे जाईल तिथे ती नोंद तिच्या आधी पोचेल.

मी बँकेतही सांगितलं.  मला सह्यांच्या टेबलावरून उठवलं आहे, चौकशी होईल. सध्या मी मागच्या खोलीत जुनी कागदपत्रं वर्षाप्रमाणे लावते. याची तक्रार नाही. ते व्हायलाच हवं होतं.

नवा अर्ज सोबत आहे. आधीचा फाडून टाक.

माझं ते पत्र तुला मिळालं असेल आणि तू ते वाचलं असशील. वाचून तू मला सही देणार नाहीस, असं मला वाटतं. मी तुझ्या जागी असते तर दिली नसती. मी तुझ्याकडून बाबा हिरावून घेतले आणि आता तुझ्याकडेच माझी पोर मागते आहे. माझ्यावर राग धर, जन्मभर धर. पण ती तीच मुलगी आहे, जिने तुला पाणी आणून दिलं होतं.

दोन एप्रिल.

धाकटी


रविवार, ३० मार्च

दादा,

अजून काही आलं नाही.

टपालवाला साडेअकराला येतो. भिंगरी शाळेला जाते तेव्हा विचारत नाही आणि परत येते तेव्हाही विचारत नाही. फक्त टेबलावर नजर टाकते. मग जेवते. मला ते पाहवत नाही. आजोबांसारखं तिने रोज विचारलं असतं तर मला काहीतरी खोटं सांगता आलं असतं.

शुक्रवारी एका क्षणी माझ्या मनात आलं की तुझी सही मला येते. लग्नाच्या पत्रिकेवर, जुन्या पोस्टकार्डांवर आहे. मी कागद घेतला. पेनचं टोपण काढलं. दादा, मी खरंच काढलं. एवढ्या सगळ्यानंतरही. मग शिंपीकाकांना हाक मारून घरातली सगळी पेनं त्यांच्या हवाली केली. ते म्हणाले, "आणि भाजीची यादी कशाने लिहिणार?" हे पत्र भिंगरीच्या पेन्सिलीने लिहिते आहे.

आज रविवार. दहा वाजता मी सवयीने किल्ली घेऊन खाली गेले. दर रविवारी दहाला मी गाडी चालू करते, दहा मिनिटं जागेवर ठेवते आणि फाटकापर्यंत नेऊन मागे आणते. बाबा करायचे तसं. खाली जागा रिकामी. तेलाचा डाग तेवढा आहे. मी त्या डागाशी उभी राहिले आणि मला भीती वाटली. बुधवारी ती बालन्यायालयात उभी राहील आणि तिच्या मागे फक्त मी असेन, आणि माझा शब्द आता किती वजनाचा आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

मंगळवारचं टपाल शेवटचं.

धाकटी


रविवार, ६ एप्रिल

दादा,

मंगळवारी अकरा चाळीसला टपालवाल्याने दाराची कडी वाजवली. जाड पाकीट, तुझं अक्षर. माझ्याने उघडवेना. शिंपीकाकांनी कात्रीने कापलं, कापड कापतात तसं, एका सरळ रेषेत. वर अर्ज होता. फुलीच्या जागी तुझी सही. मी ती उजेडात धरून तपासली, सवय जात नाही. मग तिथेच दारात खाली बसले आणि मोठ्याने रडले. काका म्हणाले, "अगं, पुसट होईल ती शाई, लांब धर."

बुधवारी सगळं वीस मिनिटांत झालं. चोरीचं कलम निघालं. खोट्या सहीबद्दल तिथल्या न्यायाधीश बाईंनी भिंगरीला समज दिली आणि बारा रविवार रस्तासुरक्षेच्या वर्गाला जायला सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "सही शिकलीस कोणाकडून?"  मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझ्याकडून." त्यांनी तेही लिहून घेतलं.

शुक्रवारी गाडी सुटली. बॅटरी पार मेलेली. कारकुनाने दोन माणसं दिली आणि स्वतःही ढकलायला आला, दोन्ही चष्मे सांभाळत. काचेवरचे २१४ पुसायला तिथे कोणाकडे फडकं नव्हतं. तसंच घरी आणलं. नाव बदलायचा अर्जही त्याच टेबलावर भरला. 'मयत' लिहिलं. दोन वेळा पेन उचलावं लागलं, पण लिहिलं.

आज दहाला मी गाडी चालू केली. फाटकाशी थांबले नाही. भिंगरी शेजारी बसली होती. पुलापर्यंत नेली, पुलावरून पलीकडे नेली आणि परत आणली. वाटेत ती एकदाच बोलली. म्हणाली, "मामा परत गाडीत बसले तर या वेळी घरात येतील का?"

पाकिटात दुसरा कागद होता, त्याबद्दल अजून लिहिलं नाही. पाच दिवस तो माझ्या उशीखाली आहे.

तू ते पत्र जपून ठेवलं होतंस. 'आता येऊ नकोस.' सोबत तुझा एक शब्द नाही. मला वाटलं होतं, मी काय केलं ते मला दाखवायला पाठवलंस. मग सहीकडे पाहिलं.

दोन टिंबं आहेत, दादा. मला पक्कं आठवत होतं एक दिलं म्हणून. दोन आहेत. आणि दुसऱ्या टिंबाभोवती पेन्सिलीने गोल केलेला आहे.

तुला वाटेल, तो गोल कधीचा हे मला कसं कळणार. एकवीस वर्षं हेच काम केलं आहे मी. पेन्सिल घडीत दबून समोरच्या बाजूला तिचा डाग उमटलाय, पिवळट, कागदाच्या रंगाचा झालेला. असा डाग दोन आठवड्यांत पडत नाही. तो गोल तू पत्र आलं त्याच सुमाराला केला आहेस.

म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं. बाबांनी तुला येऊ नकोस म्हटलेलं नाही, मी म्हटलंय, हे माहीत असूनच तू थांबलास. बाबांनी म्हटलं असतं तर तू आला असतास. त्यांचं कधी ऐकलंस तू? दार वाजवून, भांडून, आत शिरून त्यांच्या पलंगावर बसला असतास. माझं मात्र ऐकलंस. तुझ्या धाकट्या बहिणीला तू नको आहेस, एवढं वाचलंस आणि गाडीत बसून परत गेलास. आणि सहा वर्षं मला ते कळूही दिलं नाहीस.

माझ्याकडे माफी मागण्याजोगे शब्द नाहीत. बाबांची खोली आवरली आहे. पलंगावर स्वच्छ चादर आहे, ती कोणाला फसवायला घातलेली नाही. गाडी खाली उभी आहे. तू बसलास तर मी या वेळी खाली उतरेन.

ये. खाली सही माझी आहे, दुसऱ्या कोणाच्या नावाची नाही. तपासून घे.

तुझी धाकटी